रस्ता सांगणारी ज्योत्स्ना

ज्योत्स्ना गेल्याचं कळलं तेव्हा मी नागपुरात, सदर भागातल्या एका चष्म्याच्या दुकानात बसले होते. दुकानदाराने माझ्या डोळ्यांवर ती जड, गोल भिंगांची चौकट चढवली होती आणि समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचायला सांगत होता. पर्समध्ये फोन वाजून वाजून थांबला, पुन्हा वाजायला लागला. शेवटी तशीच चौकट डोळ्यांवर ठेवून मी तो घेतला. ज्योत्स्नाचा धाकटा भाऊ सुधाकर बोलत होता, नरखेड तालुक्यातल्या त्यांच्या गावाहून. म्हणाला, "शुभदाताई, ज्योत्स्नाताई गेली." आणि मी विचारलं, "कुठे?"... हा एकच प्रश्न विचारण्याची आणि त्याचं उत्तर शोधण्याची नोकरी आम्ही दोघींनी इतकी वर्षं केली, की तोंडातून दुसरं काही निघालंच नाही. पलीकडून सुधाकरचा श्वास तेवढा ऐकू आला आणि मला कळलं. समोरची पाटी पांढरीफटक दिसत होती. दुकानदार बिचारा अजून विचारत होता, "आता स्पष्ट दिसतंय का?" त्या दिवसाला आता काही आठवडे झाले. तो चष्मा आणायला मी अजून गेलेले नाही.

ज्योत्स्नाची नि माझी ओळख नोकरीतली. सदरच्याच एका इमारतीत, वरच्या मजल्यावर आमची लहानशी कंपनी होती आणि आम्ही फोनवरचं एक ॲप चालवत असू. तुम्ही कुठे उभे आहात हे तुमच्या फोनला कळतं, आणि तुम्हाला जायचंय ती जागा कुठे आहे हे आम्हाला माहीत असतं, असा एकूण धंदा. मोठ्या कंपन्यांचे नकाशे होतेच, पण त्यांना आपल्याकडचे पत्ते कळत नसत. आपल्याकडे पत्ता म्हणजे काय, तर समाजमंदिराच्या मागे, हातपंपापासून डावीकडे, निळ्या दाराचं घर. आमचं ॲप असले पत्ते समजून घ्यायचं. इंजिनिअर मंडळी जे बनवत ते इतरांनी कसं वापरायचं, हे सोप्या भाषेत लिहून ठेवणं हे माझं काम. ज्योत्स्ना मुलाखतीला आली तेव्हा मीही खोलीत होते. आमच्या मालकांना सगळे नुसतं 'सर' म्हणत. त्यांनी इंग्रजीत विचारलं, पुण्याची चांगली नोकरी सोडून नागपूरला कशाला येता? तिने आधी नीट इंग्रजीत सुरुवात केली, मग मध्येच थांबली आणि म्हणाली, "खरं सांगू का सर? पुण्यात लोकं मले सारखे रस्ता विचारत. अन् मले एकही माहीत नव्हता."

सगळे हसले. तिला वाटलं, आता काही ही नोकरी मिळत नाही. पण नोकरी मिळाली, आणि तिने सांगितलं होतं ते अगदी खरं होतं. काही माणसांच्या चेहऱ्यावरच लिहिलेलं असतं की वाट यांना विचारावी. सीताबर्डीच्या गर्दीत आम्ही चौघी-पाचजणी उभ्या असलो तरी चुकलेला माणूस नेमका तिच्याकडे यायचा. आणि ती त्याला हातवारे करून वाटेला लावायची नाही, कोपऱ्यापर्यंत सोबत चालत जायची. आम्ही इकडे चाट थंड करत बसायचो. परत आली की म्हणायची, "त्याले 'उजवीकडे' म्हटलं अन् तो डावीकडे पाहून राहिला होता. मंग काय करू?" बोलणं शेवटपर्यंत असंच राहिलं, गावाकडचं. धरमपेठेत वाढलेल्या आम्हाला सुरुवातीला ते गमतीचं वाटायचं. पुढे पुढे आमच्यातल्या कित्येकांच्या बोलण्यात 'मले-तुले' कधी शिरलं ते आम्हालाही कळलं नाही.

तिच्याकडे काम आलं ते बाहेरच्या लोकांसाठी अवजारं बनवण्याचं. हे वाचकांना जरा उलगडून सांगते. आमच्याकडे जागांची जी माहिती होती ती फक्त आमच्या ॲपमध्ये न ठेवता, कुणाही बाहेरच्या प्रोग्रामरला आपल्या ॲपमध्ये वापरता यावी, अशी सोय कंपनीने केली होती. एखादा पशुवैद्य गावोगावच्या गोठ्यांवर जाण्यासाठी ॲप बनवतो, एखादं औषधाचं दुकान घरपोच गोळ्यांसाठी बनवतं. त्यांनी नकाशा नव्याने कशाला करायचा? आमचा घ्यावा. तो घेण्यासाठी जी जुळणी लागते, नमुने लागतात, चुका सांगणारे संदेश लागतात, ते सगळं ज्योत्स्ना बनवायची. या बाहेरच्या लोकांना आमच्या धंद्यात 'थर्ड पार्टी' म्हणतात. तिला हा शब्द मुळीच आवडायचा नाही. म्हणायची, "थर्ड पार्टी म्हणजे गाडीच्या विम्यातला माणूस वं. ज्याले धडक बसते तो."

तिच्याबरोबर काम करणं सोपं नव्हतं. एकदा एका छोट्याशा वाक्यावरून तिने माझा सबंध दिवस खाल्ला. ॲपला जागा मिळाली नाही की 'ही जागा अस्तित्वात नाही' असा संदेश जायचा. इंग्रजीतून जसा आला तसा मी तो मराठीत केला होता. ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. "काहून अस्तित्वात नाही? ते घर हाये तिथं. त्या घरात माणसं जेवून राहिली असतील आता. आपल्याले सापडलं नाही तं आपल्याले सापडलं नाही म्हण नं." मी म्हटलं, एवढा फरक कोण बघतं? ती म्हणाली, ज्याचं घर आहे तो बघतो. शेवटी तो संदेश 'आम्हाला ही जागा अजून सापडलेली नाही' असा झाला. त्यातल्या 'अजून'साठी ती संध्याकाळपर्यंत भांडली होती.

मेश्राम सर आमच्याकडे आले ते पावसाळा संपता संपता. सदरजवळच्या एका शाळेत इतिहास शिकवायचे. तरुणपणीच्या आजारात दृष्टी गेलेली, पण प्रोग्रामिंग हौसेने शिकलेले. फोन वाचून दाखवतो ते ऐकत ऐकत लिहायचे. आमची अवजारं वापरून त्यांनी दृष्टिहीनांसाठी एक ॲप केलं होतं. कानात सांगायचं : आता डावीकडे, आता रस्ता ओलांडा. जिन्यावर आधी त्यांच्या काठीचा टकटक आवाज आला, मग ते आले आणि दारातूनच म्हणाले, "इथं ज्योत्स्ना मॅडम कोण? तुमचा नकाशा मला रोज एका भिंतीत घुसवतो." तिने खुर्ची दिली, पाणी दिलं आणि लहान मूल गोष्ट ऐकतं तशी ऐकत बसली. उंच इमारतींच्या गल्लीत फोनला आपली जागा नीट कळत नाही. तो कधी माणसाला रस्त्याच्या या बाजूला दाखवतो, कधी त्या. डोळस माणूस ते बघतो आणि मनातल्या मनात दुरुस्त करतो. सर करू शकत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला खाली घेऊन गेली, ओढणी डोळ्यांवर बांधली, कानात सरांचं ॲप लावलं आणि चालायला लागली. मी शेजारी. तिने बजावलं होतं, "मी पडली तरच धर, नाहीतं हात लावू नको." सदरचा फुटपाथ ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. दुकानांच्या पुतळ्यांवर कपडे मांडलेले, मोटारसायकली आडव्या, मध्येच विजेचा खांब. लोक थांबून बघत होते. एक बाई मला म्हणाली, "काय झालं हो यांना?" ॲपने ज्योत्स्नाला ठामपणे डावीकडे वळायला सांगितलं, ती वळली, आणि नालीवरच्या तुटक्या फरशीत तिचा पाय गेला. मी धरेपर्यंत ती खाली बसली होती. घोटा टरारून सुजला. रिक्षात बसल्यावर मला वाटलं रडेल, पण ती संतापली होती. "त्याले माहीत नव्हतं मी कुठं हाओ ते. पण असं सांगतलं जसं देवानं सांगतलं. माहीत नाही तं माहीत नाही म्हणाले काय झालं याले?"

घोट्याला पट्टी बांधून, पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवून पुढचे कित्येक आठवडे तिने तेच एक काम केलं. आमचं अवजार आता जागेबरोबर आपली खात्रीही सांगायला लागलं. खात्री कमी असेल तर बाहेरच्या ॲपला ती कळायची, आणि सरांचं ॲप कानात म्हणायचं, 'नक्की सांगता येत नाही, थांबा, अंदाज घ्या.' आमच्या मालकांना हे अजिबात पसंत नव्हतं. मोठे ग्राहक काय म्हणतील? नकाशाच म्हणतो की मला नक्की माहीत नाही, मग घेणार कोण? त्या बैठकीत ती मोठ्याने काही बोलली नाही. एवढंच म्हणाली, "ज्याले दिसत नाही त्याले खोटं सांगू नये सर." मालकांनी कपाळाला हात लावला, पण ठेवलं ते. मी तिला इतकी खूश कधी पाहिली नव्हती. मेश्राम सरांचं ॲप मग इतर शहरांतही पोचलं. कुठून कुठून फोन यायचे. एका मुलीने सांगितलं, मी आज पहिल्यांदा एकटी बँकेत गेले. फोन ठेवून ज्योत्स्ना बराच वेळ खिडकीतून खाली बघत राहिली... मी विचारलं, काय गं? म्हणाली, "काही नाही वं. माह्या पुण्याच्या लोकांची भरपाई करून राहिली."

इथेच ही गोष्ट थांबवता आली असती तर किती बरं झालं असतं!

कंपनी विकली गेली. ज्यांनी घेतली ते दूरच्या शहरातले होते. त्यांना आमचं ॲप हवं होतं, आमच्याकडची जागांची माहिती हवी होती, ॲप वापरणारी माणसं हवी होती. बाहेरच्यांसाठीची अवजारं नको होती. आपला नकाशा दुसऱ्यांना का द्यायचा, असं त्यांचं म्हणणं. व्हिडिओवरच्या एका बैठकीत ते सांगून झालं. बैठक इतकी छोटी, की मागवलेला चहा यायच्या आधी संपली. ज्योत्स्नाने विचारलं, जे लोक वापरत आहेत त्यांचं काय? पडद्यावरचा माणूस हसून म्हणाला की त्यांना आधी कळवू, एक मेल जाईल. ती म्हणाली, मेल वाचता न येणारी माणसंही आहेत त्यात. ती दिसत नसलेल्यांबद्दल बोलत होती; त्याला वाटलं भाषेबद्दल. म्हणाला, मराठीतही पाठवू. ते मराठीतलं मेल मीच लिहिलं. 'आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत', असा त्याचा शेवट होता.

मेलवर न थांबता तिने एकेकाला स्वतः फोन केले. तिच्या शेजारच्या टेबलावर बसून मी ते ऐकत होते. कुणी चिडले, कुणी विनवण्या केल्या, पशुवैद्य म्हणाला मॅडम तुम्हीच असं म्हणाल तर आम्ही कुणाकडे पाहायचं. मेश्राम सरांचा फोन तिने सगळ्यात शेवटी लावला. बोलणं थोडंच झालं. ती सांगत होती आणि मध्येच ऐकायला लागली. मग नुसतं "हो सर... हो सर..." म्हणत राहिली आणि फोन ठेवून बाहेर गेली. मी मागोमाग गेले तर जिन्याच्या पायरीवर बसली होती, कपाळ कठड्याला टेकवून. सर काय म्हणाले, मी विचारलं. "काठी हाये म्हणाले. 'काठी आहे मॅडम, तुम्ही मनाला लावून घेऊ नका.' मले समजावून राहिले होते वं ते. मले..."

ठरलेल्या दिवशी ती जोडणी बंद झाली. ज्या ज्या ॲपच्या पोटात आमचा नकाशा होता ती ती मुकी झाली. बँकेत एकटी गेलेल्या त्या मुलीने आमच्या ऑफिसात फोन केला, तेव्हा तो नव्या माणसाने उचलला आणि ही सेवा आता उपलब्ध नाही असं सांगितलं. त्याची चूक नव्हती. त्याला तसंच सांगायला सांगितलं होतं.

ज्योत्स्ना तेव्हाच नोकरी सोडून का निघाली नाही, असं तिच्यामागे बरेच जण विचारतात. तिला वाटत होतं आत राहिलं तर कधीतरी पुन्हा सुरू करता येईल. नव्या लोकांनी तिला दुसरं काम दिलं. ॲप वापरणारा माणूस दिवसभर कुठे कुठे जातो, कुठल्या दुकानापुढे रेंगाळतो, कुठल्या दवाखान्यात जातो, हे टिपून जाहिरातवाल्यांना विकायचं; त्याची यंत्रणा तिने बांधायची. तिने ती बांधली. उत्तम बांधली, कारण वाईट बांधायचं तिला येतच नव्हतं. पण त्या महिन्यांत ती आतून विझत गेली. डबा उघडायची आणि तसाच बंद करायची. एकदा दुपारी, समोरच्या पडद्यावर नागपूरच्या नकाशावर असंख्य ठिपके सरकत होते, त्यांच्याकडे बघत ती म्हणाली, "मी वाट दाखवाले आली होती शुभदा. आता माणसाच्या मागं मागं चालून राहिली. त्याले माहीतही नाही मी मागं हाओ म्हणून." मी म्हटलं, सगळ्याच कंपन्या हेच करतात. बोलून गेल्यावर वाटलं, हे काय समजावणं झालं? पण ती म्हणाली, "हो नं. तेच तं." पुढच्या आठवड्यात तिने नोकरी सोडली.

दुसरीकडे तिला सहज काम मिळालं असतं. ती गेलीच नाही कुठे. धरमपेठेतली भाड्याची खोली सोडली आणि गावी आईकडे गेली. वडील आधीच वारलेले, लग्न तिने केलेलं नव्हतं. सुधाकर संत्र्याची बाग बघायचा. आम्हाला वाटलं चार दिवस विश्रांती घेईल. मी पहिल्यांदा भेटायला गेले तेव्हा आंबिया बहराची संत्री निघत होती, अंगणात ढीग पडला होता, सुधाकर आणि माणसं निवडून पेट्या भरत होती. ज्योत्स्ना त्यांच्यात बसली होती, पण हातात एकच संत्रं घेऊन. तिची आई मला आत नेऊन हळूच म्हणाली, "बाई, हिले काय झालं ते मले समजत नाही. ताप नाही, दुखत नाही म्हणते. नुसती बसून राहते. तुमचं ते कंपूटरचं काम, त्यात असं काय असते वं बाई?" माणसाने केलेलं काम एका सकाळी बंद करता येतं आणि करणारा माणूस मात्र चालूच राहतो, हे त्या माऊलीला कुठल्या शब्दांत सांगायचं?

नागपूरला आणून डॉक्टरांना दाखवलं. औषधं सुरू झाली. जरा बरं वाटायचं, मग पुन्हा तेच. तिचा संगणक कपाटात होता, तो ती काढायची नाही. एकदा मी जरा रागावूनच म्हटलं, अगं इतकी माणसं मार्गी लावलीस, त्यातलं काहीच मोजणार नाहीस का? तिने माझ्याकडे पाहिलं, ती नजर मला अजून छळते. त्या नजरेत राग नव्हता की दुःख नव्हतं. तिला खरोखरच कळत नव्हतं मी कशाबद्दल बोलते आहे. "अर्ध्या रस्त्यात सोडलं मी त्याइले," ती म्हणाली. "त्यापेक्षा ते घरीच बसले असते तं बरं होतं. घर तं माहीत होतं त्याइले..." मी खूप बोलले त्या दिवशी. तू नाही सोडलंस, त्यांनी बंद केलं, तू शेवटपर्यंत भांडलीस. तिने सगळं ऐकून घेतलं आणि संध्याकाळच्या एसटीसाठी मला फाट्यापर्यंत सोडायला आली. बस दिसल्यावर म्हणाली, "खिडकीजवळ बस वं, हवा लागते." आमची शेवटची भेट ती.

पुढचं सुधाकरने सांगितलं. सकाळी ती आईशी बोलत ओट्यावर बसली होती. त्या दिवशी बरी होती, स्वतःहून चहा मागितला होता. आई चहा घेऊन आली तेव्हा ती भिंतीला टेकून होती आणि श्वास चालत नव्हता. हृदयाने दगा दिला होता. चाळिशी नुकतीच ओलांडली होती तिने.

दहाव्याला आम्ही जुन्या ऑफिसातले बरेच जण गेलो. परतीच्या वाटेवर गाडीत कुणीतरी म्हणालं, ॲम्ब्युलन्सला घर सापडलं नसेल, त्या गावच्या गल्ल्या कुठल्याच नकाशावर धड नाहीत. आपलं अवजार चालू असतं तर... सगळे एकदम गप्प झाले. त्या गप्प बसण्यात एक विचित्र समाधान होतं, जणू तिच्या मरणाचा अर्थ लागला. नागपूरला पोचेपर्यंत ती गोष्ट पक्की झाली होती. आता तर ती मला अनोळखी माणसांकडूनही ऐकायला मिळते. म्हणून इथे लिहून टाकते की तसं काही झालं नाही. मी सुधाकरला विचारलं होतं. तो म्हणाला, "नाही हो ताई, गाडी आली होती. लवकर आली. ड्रायव्हर इकडचाच, त्याले घर माहीत होतं. डॉक्टरनंही सारं केलं." गाडी चुकली नाही, कुणाला उशीर झाला नाही. बोट दाखवायला कुणी नाही. सगळं वेळेवर झालं आणि ज्योत्स्ना गेली. ती खोटी गोष्ट मला खरी वाटली असती तर कदाचित मीही तिच्या आधाराने उभी राहिले असते.

गेल्या आठवड्यात मेश्राम सरांचा फोन आला. म्हणाले, शाळा सुटायच्या वेळी या, घरी जाताना बोलू. मी फाटकाशी उभी होते, ते काठी टेकत आले. बरेच थकलेले वाटले. खिशातून फोन आणि कानात घालायच्या वायरी काढल्या, एक टोक स्वतःच्या कानात घातलं आणि दुसरं माझ्यापुढे धरलं. मला आधी कळेना. आम्ही चालायला लागलो, आणि थोडं पुढे गेल्यावर कानात ज्योत्स्ना बोलली. "फुटपाथ संपला सर, एक पायरी खाली."

मी जागच्या जागी थांबले. सर म्हणाले, "चला, नाहीतर पुढचं चुकेल." मग चालता चालता सांगितलं. सेवा बंद झाल्यावर, नोकरी सोडायच्या आधी, ज्योत्स्ना काही रविवारी त्यांच्याकडे येत होती. कंपनीचा नकाशा वापरायची बंदी होती, म्हणून तिने नकाशाच वापरला नाही. शाळा ते घर हा एकच रस्ता सरांबरोबर पुन्हा पुन्हा चालली आणि जिथे जिथे सांगायला हवं त्या त्या जागी आपल्या आवाजात बोलून ठेवलं. सर त्या जागी पोचले की फोन तेवढं बोलणं ऐकवतो. मला ती यातलं एक अक्षर बोलली नव्हती. एवढ्या मोठ्या कामातून तिच्याकडे हाच एक रस्ता उरला होता, आणि मला वाटतं तिला त्याची लाज वाटत असावी.

आम्ही चालत होतो. "उजव्या हाताले शटर, गाड्या लागल्या असतील, जरा डावीकडून." "इथं कुत्रं झोपते, काही करत नाही." आमच्याकडच्या बायका बोलतात तसं 'मी सांगतो, मी थांबतो' म्हणणारा तो आवाज, पाठीमागे त्या रविवारच्या रस्त्याचे हॉर्न... सर तिच्या तालावर पाय टाकत होते. मग कोपरा आला आणि ती म्हणाली, "आता उजवीकडे वळा सर. पानठेला लागला का हाताले? वळा. पुढं नाली हाये, पण झाकण हाये तिच्यावर, मी पाह्यलं..."

उजवीकडे रस्ता नव्हता. सिमेंट रस्त्याच्या कामासाठी सगळा उखडलेला, पत्रे लावून बंद केलेला. पानठेला उठलेला. पत्र्यांपलीकडे खोल खड्डा आणि त्यात मशीन घरघरत होतं. मी घाबरून सरांचा हात धरला. ते म्हणाले, "माहीत आहे मला. दिवाळीपासून बंद आहे. मी सरळ जातो आणि मागून फिरून येतो, काठीने पाठ झालंय." काठीचं टोक त्यांनी पत्र्यावर हलकेच टेकवलं होतं.

मी विचारलं, "मग हे लावता कशाला सर? ती तर आता चुकीचं सांगते आहे."

"वळत नाही मी," ते म्हणाले. "तिचं सांगून होऊ देतो."

लोक आम्हाला धक्के देत पुढे जात होते. एका मोटारसायकलवाल्याने हॉर्न वाजवून शिवी हासडली. कानात ती अजून बोलत होती, "...घाई करू नका, मी हाओ इथं. वळले का? हं, आता पुढचं सांगतो." आणि आवाज थांबला. पुढचं बोलणं त्या वळणानंतरच्या रस्त्यावर ठेवलेलं होतं. तिथपर्यंत गेल्याशिवाय फोन ते ऐकवत नाही. सर आणखी क्षणभर मान किंचित कलती करून उभे राहिले. मग त्यांनी माझ्या कानातली वायर काढून घेतली, नीट गुंडाळून खिशात ठेवली आणि काठीने समोरचा रस्ता चाचपत सरळ निघाले.